शेवटच्या फेरीतला बदाम राजा

भाचेराव भर दुपारी दवाखाना बंद करून आले, तेव्हा आत्याबाई दुखऱ्या दाढेखाली लवंग धरून बसल्या होत्या. भाचेराव दातांचे डॉक्टर. ती दाढ काढून टाकू या, म्हणून ते कधीपासून मागे लागले होते आणि आत्याबाई त्यांना कधीपासून टोलवत होत्या. आज मात्र त्यांनी दाढेचं नावही काढलं नाही. खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला, घातला आणि परत काढला.

"बोल आता," आत्याबाई म्हणाल्या. "काच झिजेल."

"आत्या, सासऱ्यांना क्लबातून काढणार आहेत. आज सहाला कमिटी बसतेय."

"कशाबद्दल?"

"लबाडीबद्दल. पत्त्यांत."

आत्याबाईंची सगळी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात गेली होती आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या घरी खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. लबाडी हा शब्द ऐकला की त्यांची दाढ दुखायची थांबते, असं भाचेराव एरवी चेष्टेने म्हणत. त्यांनी पाय वर घेतले आणि पहिल्यापासून सांग म्हणून फर्मावलं.

भाचेरावांच्या सासऱ्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. लोक वडिलोपार्जित सोन्याची घड्याळं पावतीसुद्धा न मागता त्यांच्या हातात ठेवून जात. बायको गेल्यापासून त्यांची संध्याकाळ ब्रिज क्लबात जायची आणि जावई हाच त्यांचा भिडू. क्लब सुटला तर या माणसाने संध्याकाळी जायचं कुठे, हा एक प्रश्न होता. त्याहून मोठा प्रश्न हा, की काढलेल्याचं नाव कारणासकट क्लबाच्या फळ्यावर लागतं आणि तो फळा येणारा जाणारा सगळा गाव वाचतो.

"मला गुलामचोरसुद्धा धड येत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "तेव्हा बालवाडीत शिकवतोयस असं समज."

भाचेरावांनी समजावलं. चार जण खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. ज्याने बोली जिंकली तो दोघांची पानं एकटाच खेळतो. त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि मोकळा होतो. त्याला डमी म्हणतात.

"मोकळा होऊन काय करतो?"

"काही नाही. बरेच जण चहा आणायला जातात. त्या डावात मी डमी होतो, मीही गेलो होतो."

रविवारी वार्षिक ढालीची स्पर्धा होती. स्पर्धेत नशिबाला वाव नसतो, कारण एकदा वाटलेले पत्ते तसेच्या तसे सगळ्या टेबलांवर फिरतात. चार कप्प्यांचा एक लांबट ट्रे असतो, त्याला बोर्ड म्हणतात. एकेका कप्प्यात एकेका खेळाडूची पानं. त्याच पानांवर कोण किती चांगलं खेळतं, हे बघायचं. घड्याळकाकांच्या टेबलावर शेवटच्या फेरीत आलेल्या बोर्डवर बदाम हुकूम होता. दहा बदाम काका आणि भाचेराव यांच्यात मिळून होते. बाहेर राहिले तीन, त्यांतला एक राजा.

"राजा उजवीकडच्या खेळाडूकडे असेल तर डमीतून राणी खेळून त्याला कोंडीत पकडता येतो," भाचेराव म्हणाले. "याला आम्ही फिनेस म्हणतो. डावीकडच्याकडे असेल तर फिनेस फसतो. तरी सगळे फिनेसच करतात, कारण त्यातल्या त्यात तोच मार्ग बरा. आधीच्या सगळ्या टेबलांवर सगळ्यांनी तो केला आणि सगळे बुडाले. राजा डावीकडे होता. एकटा, सोबतीला दुसरं बदाम नाही. बाबांनी तेवढा एक्का मारला आणि राजा खाली पडला."

"एक्का मारायला बंदी आहे?"

"बंदी नाही. पण राजा नेमका डावीकडे आणि नेमका एकटा, यावर शहाणा माणूस बाजी लावत नाही. माहीत असल्याशिवाय."

आणि माहीत करून घ्यायची संधी काकांना होती. बोर्ड शनिवारीच वाटून क्लबाच्या बिनकुलपाच्या कपाटात ठेवले होते आणि त्याच दुपारी काका भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला त्या खोलीत एकटे होते.

"ते स्वतः काय म्हणतात?"

"म्हणतात, मी पानं चोरून पाहिलेली नाहीत, आणि याहून जास्त मला काही सांगायचं नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

भाचेरावांनी परत चष्मा पुसायला घेतला. त्यांना भीती वाटत होती, ती नेमकी याच प्रश्नाची. ज्या माणसाने आपली मुलगी त्यांना दिली, त्याच्याबद्दल त्यांच्या मनात शंका आली होती आणि बायकोसमोर उभं राहायची त्यांना लाज वाटत होती.

आत्याबाईंनी चपला घातल्या.

घड्याळकाका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यातलं ताट तसंच होतं. शनिवारचं त्यांनी सरळ सांगितलं. घड्याळाचा लंबक अडकत होता, ते सगळा वेळ शिडीवर होते आणि कपाटाकडे त्यांची पाठ होती. आधी खेळलेल्या कुणाची कुजबुज कानावर आली का, या प्रश्नाला त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग एक्का का मारलात?"

"मारावासा वाटला."

"उगाच?"

"ताई, खेळणाऱ्याला कधी कधी तसं वाटतं," काका म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले.

समोर कोण खेळत होतं, असं आत्याबाईंनी विचारलं. डावीकडे सर्जनसाहेब आणि उजवीकडे त्यांची बायको, जिला सगळा क्लब वहिनी म्हणतो. तक्रार त्यांनी केली का? छे, काका म्हणाले, डॉक्टर तक्रार करणाऱ्यांतले नव्हेत. काकांच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली तेव्हा इतरांनी हात टेकले होते, ऑपरेशन या डॉक्टरांनी केलं आणि ती त्यानंतर बरीच वर्षं संसार करून गेली. आता डॉक्टरांनी ऑपरेशनं सोडली, नुसता सल्ला देतात. पण तसा हात परत व्हायचा नाही. एवढं बोलताना काकांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला होता.

निघताना भाचेरावांनी सासऱ्यांना म्हटलं, की बाबा, काही असेल तर अजून सांगा, सहाला फार वेळ नाही. काकांनी जावयाकडे नीट पाहिलं आणि ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

क्लब वाचनालयाच्या माडीवर होता. दोन खोल्या, हिरव्या कापडाची टेबलं आणि भिंतीवर बरोबर वेळ दाखवणारं ते घड्याळ. सेक्रेटरी होत्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना तोंडावर बाई आणि पाठीमागे हेडबाई म्हणत. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण पाठ ताठ होती.

"मला काय हौस आहे का?" त्या म्हणाल्या. "काकांचा मान मलाही आहे. पण निकाल लावताना मला दिसलं ते दिसलं. त्यांनी कपाट उघडलं असेल, किंवा आधीच्या फेरीतलं कुणाचं बोलणं ऐकलं असेल. काहीही असलं तरी आधी माहीत असणं ही लबाडीच. मी त्यांना कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. मग मी काय करू?"

"तो बोर्ड कुठे आहे?"

हेडबाईंनी तो सीलबंद करून ठेवला होता. आत्याबाईंनी तो उघडायला लावला आणि भाचेरावांना म्हणाल्या, की कुणी कधी काय खेळलं हे यातून कळतं का?

"एरवी कळलं नसतं," भाचेराव म्हणाले. "खेळताना जो तो आपलं पान आपल्यापुढे ओळीने ठेवत जातो, पण डाव संपला की पानं पिसून कप्प्यात घालायची, असा नियम आहे. पुढच्याला सुगावा लागू नये म्हणून. पण शेवटच्या फेरीत कोण पिसतंय? नंतर सगळे पत्ते मोडायचेच असतात."

"आणि हा शेवटच्या फेरीतला."

भाचेरावांनी चारही कप्प्यांतली पानं ओळीने मांडली आणि डाव पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. पहिल्या हाताला सर्जनसाहेबांनी इस्पिक खेळलं होतं, काकांनी ते आपल्या एक्क्याने घेतलं. दुसऱ्या हाताला काकांनी आपल्या हातातून लहान चौकट खेळलं, साहेबांनी लहान चौकट टाकलं, डमीतला चौकट एक्का, वहिनींचं लहान चौकट. तिसऱ्या हाताला डमीतून लहान बदाम, वहिनींचं लहान बदाम, काकांचा एक्का, आणि साहेबांचा राजा.

"हे चौकट कशाला खेळले?" आत्याबाईंनी विचारलं.

"डमीत जायला. फिनेस करायचा तर पान डमीतून खेळावं लागतं. त्यासाठी आधी डमीत हात जिंकायचा."

"आणि एक्का मारायला डमीत जावं लागतं?"

"नाही, तो हातातच होता. तो कधीही मारता येतो." भाचेराव थबकले. काहीतरी खटकलं, पण काय ते त्यांना पकडता येईना. आत्याबाई नुसतं हं म्हणाल्या आणि त्यांनी हेडबाईंना सर्जनसाहेबांबद्दल विचारलं.

हेडबाईंना बोलायला विषय बरा मिळाला. साहेब म्हणजे क्लबाचा आधारस्तंभ. यंदा त्यांनी सगळे पत्ते नवे आणून दिले, ठळक आकड्यांचे, म्हाताऱ्या सभासदांची सोय म्हणून. खोलीतले दिवेही त्यांनीच बदलून घेतले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना अजून बायकोचा हात धरून जातात, सगळे चेष्टा करतात. वहिनींबद्दल मात्र तक्रार होती. पूर्वी तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत. आता कुणाचंही पान पडलं की त्याचं नाव मोठ्याने घेतात, किलवर नव्वी, इस्पिक गुलाम, जशी काही भाजीमंडईतली बोली. हेडबाईंनी त्यांना समज देऊन पाहिली होती, पण सवय काही जाईना.

सर्जनसाहेबांचं घर जवळच होतं. घड्याळ पुढे सरकत होतं आणि भाचेरावांचे पाय भराभर पडत होते. दार वहिनींनी उघडलं. साहेब खिडकीशी बसले होते. समोर आज सकाळचा पेपर घडी न मोडता पडला होता. भाचेराव बोलल्यावर ते म्हणाले, "या, या, दातांचे डॉक्टर."

आत्याबाईंनी पर्समधून एक कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं आणि आपण कोण ते सांगितलं. साहेबांनी कार्डावर नजर टाकली, वा, खाजगी तपास, असं म्हणाले आणि ते टेबलावर ठेवलं.

बोलणं फार झालं नाही. काका चांगला खेळाडू, साहेब म्हणाले, एखाद्याला कधी प्रेरणा होते, त्यात इतकं काय. त्या डावात वेगळं काही घडलं का? काही नाही. बोलताना ते आत्याबाईंच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर सारखी खांद्यापलीकडे कुठेतरी होती. नजर चुकवतोय हा माणूस, भाचेरावांच्या मनात आलं, आणि अशा मोठ्या माणसाबद्दल असं मनात आणल्याची त्यांना लाजही वाटली.

वहिनींनाही आत्याबाईंनी तेच विचारलं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. काही घडलं नाही, त्या म्हणाल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, की ह्यांना आज लवकर झोपायचंय, उद्या सकाळी थिएटर आहे. थिएटर म्हणजे ऑपरेशनचं, हे भाचेरावांना कळलं. बाबा तर म्हणाले होते, ऑपरेशनं सोडली; बाबा अलीकडे विसरायला लागलेत, असं त्यांना वाटून गेलं.

"सहाला या मात्र," आत्याबाई उठताना म्हणाल्या. "दोघंही."

जाताना त्यांनी टेबलावरचं कार्ड परत पर्समध्ये टाकलं. ते भाचेरावांच्या दवाखान्याचं होतं. घाईत चुकीचं कार्ड दिलं वाटतं, भाचेराव म्हणाले. आत्याबाई रस्त्यावर एका जागी थांबल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की भाचेरावांना वाटलं, दाढ ठणकली.

"तू सहाची काळजी करतोयस," त्या म्हणाल्या. "मला उद्या सकाळची आहे."

सहाला पत्त्यांच्या खोलीत पाचच जण होते, आणि आत्याबाई. कमिटीला हेडबाईंनी बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. तो बोर्ड टेबलावर तसाच मांडलेला होता. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. साहेब आणि वहिनी दाराजवळ.

"मला पत्ते कळत नाहीत," आत्याबाईंनी सुरुवात केली. "माणसं थोडी कळतात. एका माणसाला आधीपासून माहीत आहे, की राजा डावीकडे एकटा आहे. कपाटातून कळलं असो, की कुणाच्या बोलण्यातून. त्याचा एक्का त्याच्या हातात आहे. पहिला हात त्यानेच जिंकलाय, आता खेळायची पाळीही त्याचीच. तो काय करील?"

"एक्का मारील," भाचेराव म्हणाले, आणि दुपारपासून जे खटकत होतं ते त्यांना एकदम दिसलं. "तिथल्या तिथे. डमीत जाणारच नाही."

"डमीत जाण्यात धोका काय?"

"हुकूम काढण्याआधी दुसऱ्या रंगात शिरलं तर कुणी हुकमाने कापू शकतं. हातातला डाव जाईल."

"म्हणजे काकांनी धोका पत्करला, तो फिनेससाठी. चौकट खेळलं तोपर्यंत ते इतर सगळ्यांसारखेच फिनेस करायला निघाले होते. त्या क्षणापर्यंत त्यांना काही माहीत नव्हतं."

"देखावा केला असेल," हेडबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात आशा होती.

"देखावा करणारा तो पुरा करतो. डमीत गेल्यावर त्याने राणी खेळली असती, जरा विचारात पडल्यासारखं केलं असतं आणि मग एक्का मारला असता. काकांनी राणीला हात लावला नाही. सरळ लहान बदाम खेळून एक्का मारला. आणि देखावा कुणासाठी करायचा? भिडू तर चहा आणायला गेला होता. म्हणजे चौकट खेळायला घेतलं तेव्हा फिनेस करायचा होता, आणि तो हात उचलेपर्यंत तो विचार रद्द झाला होता. मधे काय आहे? चार चौकट पानं. भाचेराव, या चार पानांवरून बदाम राजाबद्दल काही कळतं?"

"काहीच नाही."

"मग जे कळलं, ते या चार पानांतून नव्हे. त्या हातावर पाचवं एक पान पडलं होतं, जे परत उचललं गेलं."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "ताई, पुरे. नाव लावा माझं फळ्यावर. मला चालेल."

"मला चालणार नाही, काका."

"माझ्या हातून पडलं," वहिनी म्हणाल्या. "माझं पान चुकून पडलं."

"तुमच्याकडे बदाम राजा नव्हता, वहिनी. तो साहेबांच्या कप्प्यात आहे." आत्याबाईंचा आवाज मऊ झाला. "एकच बदाम, हातात चौकटांना लागून धरलेलं असणार. लालाच्या शेजारी लाल. ज्याला पानावरचा आकडा दिसत नाही आणि जो जागेवरून अंदाजाने पान काढतो, त्याच्या बोटांत चौकटाऐवजी ते यायचंच. ठळक आकड्यांचे पत्ते आले, दिवे बदलले, हात धरून चालणं आलं, वहिनी पानांची नावं घ्यायला लागल्या. आज दुपारी साहेबांनी दातांच्या दवाखान्याचं कार्ड वाचलं आणि वा, खाजगी तपास, म्हणाले."

भाचेराव सर्जनसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते आणि साहेब त्यांच्या कानाकडे.

"मधोमध डाग आहे," शेवटी साहेब म्हणाले. "कडेने दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा जातो, त्याचे कान राहतात. काकांनी खुणेने सांगितलं, पान उचला. मी उचललं."

"नियमाप्रमाणे मला बोलवायला हवं होतं," हेडबाई म्हणाल्या.

"तुम्हाला बोलवलं असतं तर सगळ्या खोलीला कळलं असतं," काका म्हणाले.

हेडबाईंनी नाकावरचा चष्मा सारखा केला. समोरच्याने स्वतःच टाकलेलं पान दिसलं, तर त्यावरून खेळणं ही लबाडी नव्हे, असं त्यांनी सांगितलं, शाळेत निकाल सांगतात तशा आवाजात. मग त्या काकांसमोर गेल्या आणि त्यांनी हात जोडले. काकांनी घाईने त्यांचे हात खाली केले.

"दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो," साहेब म्हणाले, "की काका निभावून नेतील. चार जण म्हणतील, खेळात झालं, विसरा. मी तोंड उघडलं असतं तर प्रश्न पत्त्यांपाशी थांबला नसता."

"पत्त्यांचं मला काय पडलंय," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी थिएटर आहे ना तुमचं?"

काकांनी मान वर केली. "नाही, ताई. त्यांनी सोडलंय ते. मी मागेच विचारलं होतं. एकदा टेबलावर त्यांचा घोटाळा झाला होता, तेव्हा. त्यांनी मला शब्द दिला होता." ते साहेबांकडे वळले. "तुम्ही म्हणालात ना, सोडलं?"

साहेबांनी वहिनींचा हात चाचपून धरला.

"उद्या दोन आहेत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "मी रोज सांगते ह्यांना. मदतीला असतात ते तरुण डॉक्टर सांभाळून घेतात म्हणतात. मी रोज घरी बसून फोनची वाट बघते."

साहेबांनी खिशातून फोन काढला. तो त्यांनी तोंडाजवळ नेला, लांब धरला, कडेने पाहिला. मग भाचेरावांच्या दिशेने पुढे केला.

"हॉस्पिटलचा नंबर लावून द्या," ते म्हणाले. "उद्याच्या दोन्ही दुसऱ्या कुणाला द्यायला सांगतो. आणि पुढच्याही."

भाचेरावांनी नंबर लावून दिला. साहेब खिडकीशी जाऊन बोलले, हळू आणि स्पष्ट, कारणासकट. कमिटीतल्या कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं, तेव्हा हेडबाईंनी ते परत लोटून घेतलं.

खाली रस्त्यावर दिवे लागले होते. आत्याबाई पुढे गेल्या. या दोघांना थोडं मागे ठेवावं, हे त्यांना कळत होतं. काका वाचनालयाच्या पायऱ्या एकेक करून उतरत होते. भाचेरावांनी त्यांच्या कोपराला हात लावला.

"बाबा, मला तुमच्याबद्दल शंका आली होती."

"माहीत आहे मला."

"माझं चुकलं."

"कुठे चुकलं?" काका थांबले. "तुम्हाला शंका आली, म्हणून तुम्ही ताईंकडे गेलात. मला शंका यायला हवी होती, ती मी येऊ दिली नाही. त्या माणसाने माझ्या बायकोला जगवलं होतं, त्याचा शब्द मी तपासून कसा बघणार?"

काका तिथेच खालच्या पायरीवर बसले. मान खाली घालून त्यांनी विचारलं, की साहेबांनी शब्द दिला तो उन्हाळ्यात, तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी किती जणांची ऑपरेशनं केली असतील?

"ते आपल्याला कसं कळणार, बाबा?"

"विचारावं लागेल," काका म्हणाले. "एकेकाच्या घरी जाऊन."